जिंकलेला पैसा आणि मावशीची गंगाजळी

बेळगावहून ग्वाल्हेरला जायचं तर गाडी बदलावी लागत नाही. गोवा एक्स्प्रेसमध्ये बसायचं, मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी असं करत ग्वाल्हेरला उतरायचं. माझी धाकटी मावशी लग्न होऊन तिकडे गेली त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. लहानपणी आम्हाला नवल वाटायचं, की एवढ्या लांब हिंदी मुलखात जाऊनही मावशीच्या घरी चकली, अनारसे आणि गौरीचे मुखवटे कसे? मग इतिहासाच्या पुस्तकात कळलं. १८१० च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. छावणी म्हणजे लष्कर, आणि त्या लष्कराचंच पुढे शहर झालं. आजही ग्वाल्हेरच्या त्या भागाला लश्करच म्हणतात. आपण सीमेवरची माणसं जशी मराठी-कानडी दोन्ही घरात नांदवतो, तशी तिथली मराठी घरं मराठी-हिंदी नांदवतात. मावशी मला अजून म्हणते, "ठंडी फार आहे रे, स्वेटर घाल."

२०२४ च्या दिवाळीत मी बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे गेलो. दिवाळीच्या रात्री त्या घरात पत्ते मांडायची रीत आहे. चार आण्याचा खेळ, तोही घरच्या घरात. लक्ष्मीपूजन झालं की सतरंजी अंथरायची, मावशीनं जुनी पितळी डबी आणायची, त्यातली चिल्लर सगळ्यांना सारखी वाटायची आणि खेळ संपला की पुन्हा डबीत भरायची. जिंकलेला पैसा घरातच राहायचा. मावशी त्या डबीला 'आमची गंगाजळी' म्हणते.

त्या वर्षी सतरंजी अंथरली गेली नाही. पुतण्या खोलीतून बाहेर येईना. वहिनींचे डोळे सुजलेले. शेवटी मावशीनंच सांगितलं, "बँकेत माझी पेन्शन अडकली आहे. काउंटरवरची मुलगी म्हणते, खातं फ्रीज आहे. मी काय चोरी केली रे?"

काय घडलं होतं?

६ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्वाल्हेरच्या नव्या माधवराव सिंधिया स्टेडियमवर भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी सामना झाला. २०१० साली सचिन तेंडुलकरनं रूपसिंग स्टेडियमवर नाबाद २०० धावा केल्या, त्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी या गावाला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला होता. साऱ्या गावात उत्साह होता. पुतण्याच्या मित्रांनी त्याला फोनवर एक सट्ट्याचं अॅप घालून दिलं. पहिला सामना, मग दिल्लीचा, मग १२ तारखेचा हैदराबादचा, ज्यात भारतानं २९७ धावा केल्या. तीन सामन्यांत पोरगा दीड लाख रुपये जिंकला.

आता मोटारसायकलचा हप्ता थकलेला असल्यानं स्वतःच्या खात्यात पैसा आला की बँक तो कापून घेणार, ही भीती. आजीच्या पेन्शनच्या खात्याचं फोनवरचं सगळं काम तोच पाहायचा. त्यानं पैसे आजीच्या खात्यावर मागवले. आठ-दहा हप्त्यांत, आठ-दहा अनोळखी नावांवरून ते आले. आजीला पत्ताच नाही. दोन आठवड्यांनी आजी दिवाळीचे पैसे काढायला गेली, तर खात्यातून एक रुपयाही निघेना.

मी अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात पैशाची व्याख्या सांगणं सोपं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना रिक्षात घालून बँकेत नेताना मला माझ्या पदवीचा फार उपयोग वाटेना.

शाखाधिकारी भला माणूस होता. त्यानं सांगितलं ते ऐकून माझे डोळे उघडले. दुसऱ्या एका राज्यात कुणा गृहस्थांची फोनवरून फसवणूक झाली होती. त्यांनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पोलिसांनी पैशाचा माग काढला. गृहस्थांच्या खात्यातला पैसा एका खात्यात, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि त्यातले अडतीस हजार रुपये आमच्या मावशीच्या खात्यात! सट्टेवाले जिंकणाऱ्याला आपल्या गल्ल्यातून पैसे देतात असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून देतात, आणि त्या खात्यांत कुणाच्या तरी आयुष्याची लुबाडलेली पुंजी फिरत असते. म्हणजे पोरगा स्वतःला जिंकलेला समजत होता, आणि त्याच्या हातात आलेला पैसा कुणाच्या तरी घरातून चोरलेला होता.

"काका, मला खरंच माहीत नव्हतं," पुतण्या म्हणाला. ते खरंच होतं. पण माहीत नव्हतं म्हणून आजीची औषधं थांबायची राहिली नाहीत.

बँक का विचारते?

आपल्याकडे एक समज आहे, की माझ्या खात्यात माझा पैसा, बँकेला काय करायचंय? करायचं असतं, कारण कायदाच तसा आहे. काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालणारा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. तेव्हापासून दहा लाखांवरची रोकड आणि रक्कम कितीही असली तरी संशयास्पद वाटणारा व्यवहार बँकेला केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावा लागतो. शिवाय बचत खात्यांत वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोकड जमा झाली तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते. यात बँकेचा तुमच्यावर राग नसतो, तिच्यावर ते बंधन असतं.

बँकेच्या नजरेत काय भरतं? महिन्याला पेन्शन येऊन महिन्याला संपणाऱ्या खात्यात अचानक दहा अनोळखी नावांवरून पैसे येणं. आलेला पैसा त्याच दिवशी दुसरीकडे जाणं. मोठी रोकड थोडी-थोडी करून रोज भरणं. पुष्कळ 'शहाणे' सल्ला देतात, की एकदम भरू नका, तुकडे करून भरा, म्हणजे कुणाला कळत नाही. वाचकहो, हा सल्ला घातक आहे. तुकडे केले की स्वच्छ पैसाही लपवल्यासारखा दिसतो. एकरकमी भरून सोबत कागद दाखवणारा माणूस बँकेला कधीही परवडतो.

ग्वाल्हेरमध्येच गंगाजळीची आख्यायिका घरोघर सांगतात. शिंदे महाराजांचा खजिना किल्ल्याच्या तळघरात होता, त्याची वाट फक्त महाराजांना ठाऊक, अशी. आख्यायिकेत पैसा लपलेला आहे. पण नोंदलेला इतिहास काय सांगतो? १८७२ साली ग्वाल्हेर दरबारानं आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच. त्या पैशाची वहीत नोंद झाली, म्हणून गाडी धावली. आज मी बेळगावहून बसून तिथं उतरतो, त्यात त्या नोंदलेल्या रुपयांचाही वाटा आहे. तळघरातल्या पैशाची फक्त गोष्ट उरते.

सरकारचा वाटा किती?

लॉटरी, शब्दकोडं, घोड्यांची शर्यत, पत्ते, जुगार, पैज, कशातूनही जिंकलेल्या पैशावर सरसकट ३० टक्के आयकर आहे. त्यावर ४ टक्के उपकर. म्हणजे एक लाख जिंकलात तर ३१,२०० रुपये सरकारचे. 'माझं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे' ही सबब इथं चालत नाही. तुमचं दुसरं काहीच उत्पन्न नसलं तरी हा कर लागतो. विमा, भविष्य निर्वाह निधी यांची वजावट मिळत नाही. तिकिटांवर वर्षभर किती घातले तेही वजा होत नाहीत. लॉटरीत आज लाख जिंकले आणि उद्या ऐंशी हजार घालवले, तरी कर लाखावरच. (ऑनलाइन खेळांसाठी २०२३ पासून निव्वळ जिंकलेली रक्कम काढायची वेगळी पद्धत आली.) १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण हा ३० टक्क्यांचा दर तोच आहे.

लॉटरीचं बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं, की देणाराच ३० टक्के कापून उरलेले देतो. त्या कपातीचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. उरलेला उपकर विवरणपत्र भरताना आपण भरायचा. आणि हे विवरणपत्र नोकरदारांच्या नेहमीच्या 'सहज' फॉर्मवर चालत नाही. लॉटरीचं उत्पन्न असेल तर वेगळा फॉर्म लागतो. म्हणून अशा वर्षी शंभर-दोनशे वाचवायला न जाता एखाद्या कर सल्लागाराकडे जावं.

पुष्कळांना प्रश्न पडतो: सट्टा तर बेकायदा, मग त्यावर कर कसा? कर उत्पन्नावर असतो. ते कुठून आलं याचा दोष करानं धुऊन जात नाही, आणि दोष आहे म्हणून करही चुकत नाही. आणि पैसा कुठून आला हेच सांगता आलं नाही, तर त्याचा हिशेब आणखी महागात पडतो.

शिपाई मामांचं तिकीट

आता आपल्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या कॉलेजातल्या एका शिपाई मामांना काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात घेतलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटावर पन्नास हजारांचं बक्षीस लागलं. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. कर्नाटकानं मात्र २००७ मध्ये लॉटरी बंद केली. आपल्या सीमाभागाची ही गंमत, की एका बाजूला जे दुकानात टांगलेलं असतं, ते पलीकडे विकणं गुन्हा ठरतं.

मामा घाईघाईनं माझ्याकडे आले. कुणी एक गृहस्थ त्यांच्या घरी येऊन गेले होते. "तिकीट मला द्या, मी आत्ता रोख पंचेचाळीस हजार देतो. सरकारकडे गेलात तर पस्तीसच मिळतील." हिशेब बरोबर होता! पन्नासातून तीस टक्के गेले की पस्तीसच उरतात. मामींनी तर त्यात मुलीच्या लग्नाची भांडीही घेऊन ठेवली होती, मनातल्या मनात.

मी विचारलं, "मामा, पस्तीस हजारांचा माल कुणी पंचेचाळीसला का घेईल?" मामा गप्प झाले. उत्तर असं, की त्या माणसाकडे दाखवता न येणारी रोकड असते. बक्षिसाचं तिकीट हाती आलं, की तो सरकारी कार्यालयात जाऊन म्हणणार, हे माझं नशीब! दहा हजार जादा देऊन तो आपल्या पैशाला अंघोळ घालतो, आणि त्याचा मळ मामांच्या अंगाला लागतो.

मामांनी तिकिटाच्या मागे सही केली, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, मागे छापलेल्या मुदतीत अर्ज, पॅन कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत जोडून दावा दाखल केला. पैसे खात्यात आले त्या दिवशी ते स्वतः बँकेत जाऊन साहेबांना कागद दाखवून आले. कुणी बोलावलं नव्हतं तरी गेले. पुढे मुलीच्या लग्नासाठी त्याच बँकेत कर्ज मागायला गेले तेव्हा त्या साहेबांनी ओळख ठेवली. माझी बायको गोकाककडची. तिनं हे ऐकून म्हटलं, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपल्या मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन्ही भाषांना शहाणपण एकच सुचलेलं दिसतं. पैशालाही कानडीत रोक्क, मराठीत रोख, ग्वाल्हेरच्या हिंदीत रोकड. भाषा बदलली तरी हिशेब मात्र तोच द्यावा लागतो.

ही सीमा ओलांडून चालणारी पैज काही आजची नाही. १९५० च्या आसपास बंगळूरहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकातून बक्षिसांची शब्दकोडी चालायची आणि त्यांचे पैसे मुंबई राज्यातूनही गोळा व्हायचे. मुंबई सरकारनं त्यावर कर बसवला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. चामरबागवाला खटला या नावानं तो प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की जुगार हा घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. तेव्हा कोड्याचं कूपन टपालानं जायचं, आज बोटाच्या एका टिचकीनं पैसा जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे पैसे इकडून तिकडे करणं, या साऱ्याला त्या कायद्यानं मनाई केली आहे. तेव्हा अशा अॅपवरून आलेला पैसा बँकेत कसा 'जिरवावा' हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याला योग्य उत्तर एकच, त्या वाटेला जाऊ नये.

मग करावं काय?

सरळमार्गानं बक्षीस लागलंच, तर या गोष्टी लक्षात ठेवा. पैसे स्वतःच्याच खात्यात घ्या. आजीच्या नको, मित्राच्या नको. रोख दोन लाख किंवा जास्त कुणाकडूनही घेऊ नका. २०१७ पासून ते घेण्याला मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. गोव्याला मांडवीवरच्या कॅसिनोत जाणारे आपल्या भागातले पुष्कळ. तिथं जिंकलात तर पावती आणि कपातीचा कागद घेतल्याशिवाय उठू नका. कराचे पैसे त्याच दिवशी बाजूला ठेवा. ते आपले नव्हेतच असं समजा. दोन-चार हजार रुपये महिना देतो म्हणून कुणी खातं वापरायला मागितलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि खातं गोठलंच तर? घाबरून पैसे इकडेतिकडे हलवू नका. बँकेकडून लेखी विचारा: कुठल्या पोलिसांची सूचना आहे, तक्रारीचा क्रमांक काय, आणि अडवलेली रक्कम किती? सगळं खातं की फक्त वादातली रक्कम, हा प्रश्न फार महत्त्वाचा. मग तपास करणाऱ्या पोलिसांना कागदपत्रांसह खरी हकिकत कळवा. तिथं दाद लागली नाही तर न्यायालय आहे. चूक बँकेची असेल आणि तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र पोलिसांनी अडवलेलं खातं लोकपाल मोकळं करू शकत नाही, हे ध्यानात असू द्या.

आमच्या पुतण्यानं सुरुवातीला बँकेत सांगायचं ठरवलं होतं, की मित्राला दिलेले उसने पैसे परत आले. मी म्हटलं, "एक खोटं सांगशील तर दहा मित्रांना खोटं बोलायला लावावं लागेल, आणि आजीची सही त्या खोट्याखाली येईल." तो रात्रभर जागा होता. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. अॅपचं नाव, तारखा, रकमा, आणि हे खातं आजीच्या नकळत वापरलं, हेही. ते वाक्य लिहिताना त्याचा हात थांबला होता. त्यानं सट्टा खेळल्याचं कबूल केलं, त्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. पण अर्ज खरा होता, म्हणून बँकेलाही पुढे लिहिता आलं.

तोवर नोव्हेंबर लागला. पेन्शनरांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. मावशी ज्या बँकेत आपण जिवंत आहोत हे सांगायला गेली, त्याच बँकेत तिला स्वतःचे पैसे मिळत नव्हते. औषधं वहिनींनी बांगडी ठेवून आणली. साधारण दोन महिन्यांनी खातं मोकळं झालं. वादातले अडतीस हजार मात्र तसेच अडकून राहिले. पुतण्यानं पुढच्या वर्षी विवरणपत्रात दीड लाखांचं उत्पन्न दाखवलं आणि त्यावर ४६,८०० रुपये कर भरला, वर व्याज. मोटारसायकल विकावी लागली. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक जुगाऱ्याचं सूक्त आहे. घर गेलं, बायको दुरावली, आणि शेवटी त्याला उपदेश होतो तो शेती कर म्हणून. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला बँक माहीत नव्हती. पण आपल्या पायी घरातली माणसं कशी होरपळतात, ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

मी पुढच्या दिवाळीत फोन केला तेव्हा मागून पत्त्यांचा आवाज येत होता. मावशी म्हणाली, "सतरंजी अंथरली आहे रे. पण यंदा डबी त्याच्याकडे दिली आहे. म्हटलं, सगळ्यांची चिल्लर मोजून घे आणि उठताना मोजून परत ठेव. एक रुपया कमी नाही पडला पाहिजे."

"मग पडला का?" मी विचारलं.

"एक रुपया जास्तच भरला," मावशी हसून म्हणाली. "म्हणाला, आजी, हा माझ्या खिशातला आहे. वहीत लिहून ठेव."